भूमिगतांचा कारभार

कोरेगाव तालुक्यातल्या पाडळीला अजूनही बरेच लोक सातारारोड म्हणतात. रेल्वे साताऱ्याच्या बाजूने गेली ती शहराला टाळून, आणि सातारकरांना गाडी पकडायला इथं यावं लागायचं, म्हणून हे नाव पडलं. याच सातारारोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना होता. लोखंडी नांगर आणि पुढे इंजिनं बनवणारा हा कारखाना म्हणजे त्या काळी माळरानावरचं नवलच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी आधी किर्लोस्करांचे नांगर विकले, मग कूपरांच्या कारखान्याच्या उभारणीत हात घातला, आणि पुढे दोघांचं बिनसलं. ती कथा वेगळी आहे. इथं सांगायचं ते एवढंच की 1937 च्या एप्रिलमध्ये सर धनजीशा कूपर मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले. प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधानच म्हणत. निवडणुकीत सर्वांत मोठा पक्ष काँग्रेस होता, पण राज्यपालांच्या अधिकारांवरून अडून बसल्यामुळे काँग्रेसने मंत्रिमंडळ बनवायला नकार दिला, म्हणून गव्हर्नरांनी कूपरांना बोलावलं. जुलैत काँग्रेसचं मन वळलं आणि बाळासाहेब खेर आले. कूपरांचं राज्य साडेतीन महिने टिकलं.

त्याच निवडणुकीत कराडकडचा एक तरुण विद्यार्थी आत्माराम पाटील या शेतकरी उमेदवाराचा प्रचार करत गावोगाव सायकलवर आणि पायी फिरत होता. त्याचं नाव यशवंत चव्हाण. कूपर ज्या खुर्चीवर साडेतीन महिने बसले, तिच्या वारसदार खुर्चीवर हा मुलगा 1956 मध्ये बसला, आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र नावाचं नवं राज्य झालं तेव्हा त्याचा पहिला मुख्यमंत्रीही तोच होता. मधल्या काळात तो इंग्रज सरकारचा फरारी होता.

सातारा जिल्ह्याची ही गंमत समजून घ्यायची तर आधी नकाशा बघावा लागतो. पुणे-मिरज रेल्वे कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर करत कराडला जाते, तिथून शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी आणि मग सांगली. आज हे सगळं दोन जिल्ह्यांत बसतं. 1949 पर्यंत एकच सातारा जिल्हा होता. पण तो सलग नव्हता. मधे औंध संस्थान, फलटण संस्थान, सांगली, मिरज, जत, पलीकडे कोल्हापूर. इंग्रजी पोलिसांची हद्द एका ओढ्याला संपायची आणि पंतप्रतिनिधींची सुरू व्हायची. कुंडल हे गाव औंध संस्थानातलं, किर्लोस्करवाडीही तिथलीच. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1939 मध्येच प्रजेला स्वराज्याची घटना देऊन टाकली होती, गांधीजींच्या सल्ल्याने. अशा राज्यातला फौजदार इंग्रजांच्या फराऱ्याला शोधायला किती घाई करणार? ज्या जिल्ह्यात पुढे जवळपास तीन वर्षं समांतर सरकार चाललं, त्या जिल्ह्याला या तुकड्यातुकड्यांच्या हद्दींनी केवढी मदत केली, हे पोवाड्यांत येत नाही. पोवाड्यांना शौर्य लागतं, हद्दीचा दगड लागत नाही.

शौर्य मात्र होतंच. 1942 च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ चळवळीचे नेते पकडले गेल्यावर जिल्ह्यात तालुका कचेऱ्यांवर मोर्चे काढायचं ठरलं. हे मोर्चे शांततेचे होते. कराडला झाला, पाटणला झाला. 3 सप्टेंबरला तासगावात तर मामलेदाराने गांधी टोपी घातली आणि कचेरीवर तिरंगा चढला. लोकांना वाटलं, झालं, स्वराज्य आलं. मग 9 सप्टेंबर उजाडला. कोरेगावला लागून असलेल्या खटाव तालुक्यात, वडूजच्या कचेरीसमोर, पोलिसांनी गोळीबार केला. परशुराम घार्गे हातात झेंडा घेऊन पडले, त्यांच्यासह नऊ जण गेले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला तेच झालं. तिथं किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे मारले गेले.

जमावाने जाऊन कचेरी ताब्यात घेण्याचा मार्ग या दोन दिवसांत बंद झाला. उरला तो भूमिगत होण्याचा. तारा तोडणं, चावड्या आणि डाक बंगले जाळणं, रेल्वेचे रूळ उखडणं हे पहिल्या काही महिन्यांत झालं. मग पैसा आणि हत्यारं लागू लागली. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवून लुटली गेली. 14 एप्रिल 1944 ला तर थेट खानदेशात, चिमठाण्याजवळ, धुळ्याहून निघालेला सरकारी खजिना लुटला. रक्कम साडेपाच लाखांच्या घरात होती. कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी त्यात होते. पुढे अण्णा जखमी अवस्थेत पकडले गेले आणि सप्टेंबर 1944 मध्ये साताऱ्याच्या तुरुंगाची भिंत ओलांडून पसार झाले. किसन वीर आणि पांडू मास्तर येरवड्याहून निसटले. तुरुंग फोडणं ही या मंडळींची जणू खासियत होती.

त्यातही सांगलीच्या तुरुंगाची गोष्ट जवळून सांगण्यासारखी आहे. हा तुरुंग सांगली संस्थानाचा, गणेशदुर्गात. भुईकोट किल्ला, भोवती खंदक. 24 जुलै 1943. कृष्णेला पूर आलेला. आत वसंतदादा पाटील आणि त्यांचे सोबती. पहारेकऱ्यांना कोंडून, त्यांच्या बंदुका घेऊन ही पोरं तटावर चढली आणि खाली खंदकात उड्या टाकल्या. दिवसाढवळ्या, भर वस्तीत. मागून गोळ्या सुरू झाल्या. गावातून पळत नदीकडे जायचं आणि पुरात उडी टाकून पलीकडे व्हायचं असा बेत होता, पण ज्या पुराचा भरवसा धरला त्याच पुराने वाट अडवली. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव मारले गेले. दादांच्या खांद्यात गोळी घुसली आणि ते पकडले गेले. पद्माळ्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा सातवीच्या पुढे शाळेत गेलेला नव्हता. त्या दिवशी त्याचं वय पंचवीस होतं. चौतीस वर्षांनी तो राज्याचा मुख्यमंत्री झाला तेव्हा तुरुंग खातंही शेवटी त्याच्याच सरकारचं होतं.

पण लूट आणि तुरुंगफोडी एवढंच असतं तर ही माणसं पुढे आमदार-खासदार झाली नसती. तशी माणसं दंतकथा होतात, कारभारी होत नाहीत. साताऱ्यात वेगळं घडलं ते 1943 च्या मध्यापासून. पोलीस गावात रात्री यायला धजेनात, पाटील-कुलकर्णी गप्प बसले, आणि या पोकळीत आधी दरोडेखोरांचा सुळसुळाट झाला. काही टोळ्या तर भूमिगतांचंच नाव सांगून लुटत होत्या. त्यांचा बंदोबस्त करणं भाग पडलं. बंदोबस्त केल्यावर लोक तंटे घेऊन येऊ लागले. बांधाचा वाद, गहाण जमीन, टाकलेली बायको, सावकाराचं फुगवलेलं व्याज. न्यायदान मंडळं बसली, गावोगाव पंच नेमले गेले, तुफान सेना उभी राहिली. निवाडा एका बैठकीत, वकील नाही, स्टॅम्प नाही. दंडाची रक्कम बऱ्याचदा शाळेला किंवा वाचनालयाला. काळ्या बाजारातलं धान्य आणि कापड बाहेर काढून वाटलं जायचं. दारूबंदी होती. लग्नं हार घालून, थोडक्या खर्चात. खुद्द जी. डी. बापूंचं विजयाताईंशी लग्न मे 1945 मध्ये असंच कुंडलला झालं, फरारी असताना, हजारोंच्या साक्षीने.

या सगळ्याचं मुख्य नाव क्रांतिसिंह नाना पाटील. येडे मच्छिंद्रचे, पूर्वाश्रमीचे तलाठी. तलाठी होते ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सातबारा कसा फिरतो, कुणाची जमीन कुणाच्या नावावर कशी चढते, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यापुढे खोटं बोलणं अवघड. नानांनी 1930 मध्ये नोकरी सोडली, तरी नोकरीत मिळालेलं हे ज्ञान त्यांच्याजवळच राहिलं. आणि त्यांची सभा! अस्सल गावरान भाषा, सत्यशोधकी चिमटे, मधेच हशा, मधेच शांतता. फरारी माणूस जाहीर सभा घेतो आणि पोलीस दुसऱ्या दिवशी पोचतात, असं महिनोन् महिने चाललं. ही सत्यशोधकांची जमीन होती, भटजीवाचून लग्न आणि सावकाराविरुद्ध गाऱ्हाणं या दोन्ही गोष्टी इथल्या शेतकऱ्याला 1920 च्या आसपासच परिचयाच्या झाल्या होत्या. प्रतिसरकार, म्हणजे हे समांतर सरकार, त्या मशागतीवर उगवलं.

‘पत्री’ची, म्हणजे या सरकारच्या शिक्षेची, बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. खबऱ्याला, गुंडाला, न ऐकणाऱ्या सावकाराला पकडून पाय बांधायचे आणि तळव्यांवर काठ्या मारायच्या. माणूस महिनाभर चालू शकत नसे. काही खबरे जिवानिशी गेले. अपील कुठंच नव्हतं, आणि निवाडा देणारा तोच शिक्षा देणारा होता. एखाद्या भाऊबंदकीत एका बाजूने दुसऱ्याला ‘खबऱ्या’ ठरवून टाकलं असेल की नाही? असणारच. गावं आपल्याला ठाऊक आहेत. तरीही बहुसंख्य लोकांनी हे सरकार आपलं मानलं, कारण समोरचं सरकार त्याहून क्रूर होतं आणि शिवाय ऐकून घेत नव्हतं. किती गावांत हा कारभार होता याचे आकडे दीडशेपासून सहाशेपर्यंत सांगितले जातात. मला आकड्यापेक्षा मुदत मोठी वाटते. बंगालमध्ये तमलुकचं, शिवाय ओरिसातलं आणि बलियाचं अशी समांतर सरकारं 1942 मध्ये उठली. बलियाचं काही दिवसांत मोडलं, तमलुकचं 1944 मध्ये गांधीजींच्या सांगण्यावरून थांबलं. सातारचं 1946 पर्यंत चाललं.

यशवंतराव या गोष्टीत नेमके कुठे बसतात, यावर जिल्ह्यात आजही वाद घालणारे भेटतात. 1942 च्या मोर्च्यांच्या आखणीत आणि पहिल्या भूमिगत टप्प्यात ते आघाडीवर होते. पत्नी वेणूताईंना तुरुंगात टाकलं, भाऊ गणपतराव तुरुंगात. वेणूताई सुटल्यावर आजारी पडून फलटणला माहेरी होत्या, त्यांना भेटायला ते 1943 मध्ये गेले आणि तिथंच पकडले गेले. म्हणजे प्रतिसरकार खऱ्या अर्थाने उभं राहिलं त्या काळात ते बाहेर नव्हते. काठी आणि निवाडा यांच्याशी त्यांचा थेट संबंध कमी. हे त्यांच्या पुढच्या वाटचालीला उपकारक ठरलं असं मला वाटतं. भूमिगत असल्याचं तेज त्यांच्याजवळ होतं, आणि पत्रीचा हिशेब त्यांच्या नावावर नव्हता.

कारण 1946 मध्ये हिशेब मागितला गेलाच. एप्रिलमध्ये पुन्हा खेरांचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं मागे घेतली गेली, नाना पाटील चव्वेचाळीस महिन्यांनी उजेडात आले आणि त्यांना बघायला कराडला माणसांचा पूर लोटला. पण गृहखातं मोरारजी देसाईंकडे होतं. अहिंसेचे कडक उपासक असलेल्या मोरारजींना सातारचे हे पराक्रम गुन्ह्यांच्या यादीसारखे दिसत होते. त्यांचे संसदीय सचिव म्हणून नेमले गेले ते त्याच निवडणुकीत दक्षिण साताऱ्यातून निवडून आलेले यशवंतराव चव्हाण. कालच्या फराऱ्याच्या टेबलावर फराऱ्यांच्या फायली आल्या. हा प्रसंग एखाद्या नाटककाराने लिहिला असता तर आपण त्याला जुळवाजुळव म्हटलं असतं.

इथून वाट फुटली. यशवंतराव, किसन वीर, वसंतदादा काँग्रेसमध्ये राहिले. नाना पाटील, जी. डी. बापू, नागनाथअण्णा बाहेर पडले. शेतकरी कामगार पक्ष 1948 च्या सुमारास काँग्रेसपासून वेगळा झाला तेव्हा सातारचे कितीतरी जुने सैनिक तिकडे गेले, नाना पुढे कम्युनिस्ट झाले. बापू आणि अण्णांनी हत्यारं लगेच खाली ठेवलीही नाहीत, हैदराबादच्या सरहद्दीवर रझाकारांविरुद्ध ते 1948 पर्यंत लढत होते. याच वर्षाच्या सुरुवातीला गांधीहत्येनंतर ब्राह्मणांच्या घरांची जी जाळपोळ झाली, तिच्या सर्वांत वाईट झळा बसलेल्या भागांत सातारा जिल्हा होता. तीन वर्षं गावागावांत कायदा राखल्याचा अभिमान ज्या मुलखाला होता, त्या मुलखाला तो आठवडा राखता आला नाही. प्रतिसरकारच्या गौरवग्रंथांत हे पान सहसा नसतं. ते असायला हवं.

आयर्लंडचं उदाहरण इथं डोळ्यांसमोर येतं. तिथंही इंग्रजांशी खांद्याला खांदा लावून लढलेले सोबती तह मान्य की अमान्य यावरून फुटले, आणि 1922 मध्ये एकमेकांवर गोळ्या झाडू लागले. मायकेल कॉलिन्स त्यात मारला गेला, आणि पराभूत बाजूचा डी व्हॅलेरा दहा वर्षांनी निवडणूक जिंकून सत्तेवर आला. सातारची फूट मतपेटीपुरती राहिली. रक्त अजिबात सांडलं नाही असं नाही. कासेगावचे बाबूजी पाटणकर, प्रतिसरकारमधले महत्त्वाचे कार्यकर्ते, 1952 मध्ये राजकीय वैरातून मारले गेले. पण सैन्यं उभी राहिली नाहीत. याचं एक कारण असं की दोन्ही बाजूंची गावं तीच होती, आणि सोयरीकही.

खरी परीक्षा 1957 ला झाली. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं, मुंबईत गोळीबारात शंभरावर माणसं पडलेली, आणि यशवंतराव द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री. संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची तर आपण नेहरूंची करू, असं त्यांनी जाहीरपणे म्हटलेलं. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची अक्षरशः वाताहत झाली. यशवंतराव स्वतः कराडमधून निसटते निवडून आले. जी. डी. बापू आणि नागनाथअण्णा संयुक्त महाराष्ट्र समितीकडून आमदार झाले. आणि साताऱ्याच्या लोकसभा मतदारसंघातून कम्युनिस्ट पक्षाचे नाना पाटील खासदार झाले. धोतर, बंडी आणि फेट्यातला हा माणूस दिल्लीला संसदेत बसला. पुढे 1967 मध्ये ते बीडमधूनही निवडून गेले.

आता साताऱ्याची पुढची यादी बघा. 1962 ला काँग्रेसचे किसन वीर. 1967 पासून 1984 मध्ये निधन होईपर्यंत यशवंतराव चव्हाण. म्हणजे 1957 ते 1984, सलग सत्तावीस वर्षं, साताऱ्याचा खासदार हा 1942 चा भूमिगतच होता. पक्ष बदलले, माणसांची जात म्हणजे घडणीची जात तीच राहिली. मतदाराला या काळात काँग्रेस की डावे हा प्रश्न होता; बेचाळीसचा की बेचाळीसबाहेरचा, हा प्रश्न त्याने कधी पडू दिला नाही.

नव्या राज्याची घडी बसवताना या घडणीचा उपयोग झाला का? माझं मत, भरपूर झाला. 1962 च्या महाराष्ट्रदिनी जिल्हा परिषदा अमलात आल्या. वसंतराव नाईक समितीने सुचवलेल्या या व्यवस्थेत जिल्ह्याचा बराचसा विकासाचा कारभार निवडून आलेल्या माणसांकडे गेला. दिल्लीला किंवा मुंबईत बसून हे धाडस करायला गावातल्या माणसावर भरवसा लागतो. ज्यांनी गावच्या पंचांना पोलिसांच्या नाकावर टिच्चून कारभार करताना पाहिलं होतं, त्यांना तो भरवसा होता. सहकारी साखर कारखान्यांचंही तेच. कुणाच्या शेतात किती ऊस, कोण शब्दाचा पक्का, कोणत्या गावात कोणाचं चालतं, ही माहिती वसंतदादांना कागदावरून शिकावी लागली नाही. रात्री कुणाच्या वस्तीवर भाकरी मिळेल आणि कोण खबर देईल, हे जो जीव मुठीत धरून शिकला त्याला सभासद गोळा करणं काय अवघड! सांगलीचा शेतकरी कारखाना दादांचा, भुईंजचा किसन वीरांच्या नावाचा, कुंडलला बापूंचा क्रांती, वाळव्याला अण्णांचा हुतात्मा किसन अहिर. हा किसन अहिर फेब्रुवारी 1946 मध्ये मणदूरला पोलिसांशी लढताना नानकसिंग या सोबत्यासह पडला. गाळप हंगामाच्या वजनकाट्यावर, उसाच्या पावतीवर त्याचं नाव छापलं जातं. प्रतिसरकारचा नकाशा आणि साखरेचा नकाशा एकावर एक ठेवले तर फारसा फरक पडत नाही.

बाहेरच्या जगाशी तुलना केली की सातारची मंडळी किती वेगळी होती तेही कळतं आणि किती सारखी होती तेही. मे 1977 मध्ये वसंतदादा मुख्यमंत्री झाले. पुढच्याच महिन्यात इस्राएलमध्ये मेनाखेम बेगिन पंतप्रधान झाला. इंग्रजांविरुद्धच्या इर्गुन संघटनेचा हा प्रमुख, जिने 1946 मध्ये जेरुसलेमचं किंग डेव्हिड हॉटेल उडवून 91 माणसं मारली. असल्या घातपाताशेजारी शेणोलीची पगारगाडी पोरखेळ वाटेल. मात्र दोघांचाही सत्तेपर्यंतचा प्रवास मतपेटीतून झाला, आणि दोघांनाही आपल्या तरुणपणाबद्दल लाज वाटली नाही.

दुसरं उदाहरण देशातलंच आहे आणि ते जास्त टोचणारं आहे. मार्च 1966 मध्ये लालडेंगाच्या मिझो नॅशनल फ्रंटने बंड केलं, कचेऱ्या आणि खजिने ताब्यात घेतले. 5 मार्चला भारतीय हवाई दलाच्या विमानांनी ऐझॉलवर हल्ला केला. आपल्याच नागरिकांच्या शहरावर. त्या वेळी देशाचे संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. तुलना ओढूनताणून करू नये, सातारकरांना देशातून फुटायचं नव्हतं, त्यांना इंग्रज घालवायचे होते. पण कचेरीवर झेंडा लावणाऱ्या पोरांकडे सरकार कसं बघतं हे त्या मंत्रिमंडळात यशवंतरावांइतकं स्वतःच्या अंगावर कुणी अनुभवलं असेल? त्यांच्या मनात त्या आठवड्यात वडूज आलं का, हे सांगायला आज कुणी नाही. पुढे वीस वर्षांनी, 1986 ला, करार झाला, लालडेंगा मुख्यमंत्री झाला आणि फेब्रुवारी 1987 मध्ये मिझोराम राज्य झालं तेव्हा त्याचा पहिला मुख्यमंत्री तोच होता. बंडखोराला खुर्ची देण्याचं शहाणपण दिल्लीला वीस वर्षांनी सुचलं. मोरारजींच्या नाराजीला न जुमानता काँग्रेसने सातारच्या पोरांना 1946 मध्येच तिकिटं दिली होती.

तिकिटं मिळाली ती पुरुषांना. नाना पाटलांची लेक हौसाताई डाक बंगले जाळणाऱ्या तुकड्यांबरोबर होत्या, निरोप आणि हत्यारं पोचवत होत्या. पुढे गोवा मुक्तीच्या कामातही उतरल्या. इंदुताई पाटणकर, राजमती पाटील, लीलाताई पाटील ही नावं जुन्या माणसांना तोंडपाठ आहेत. यांतली एकही मंत्रिमंडळात गेली नाही. ज्या प्रतिसरकारने टाकलेल्या बायकांना न्याय दिला, त्यातून आलेल्या राजकारणाने बायकांना भाषणाच्या वेळी पहिल्या रांगेत बसवलं, एवढंच. शेकडो सामान्य सैनिकांचंही तसंच. 15 ऑगस्ट 1972 ला, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, केंद्राची पेन्शन आणि ताम्रपट आले. त्यासाठी तुरुंगाचा दाखला लागायचा. जो कधी पकडलाच गेला नाही, म्हणजे जो चांगला भूमिगत होता, त्याला आपण भूमिगत होतो हे सिद्ध करण्यासाठी सहकाऱ्यांच्या सह्या गोळा करत फिरावं लागलं.

नागनाथअण्णा पुन्हा 1985 मध्ये अपक्ष म्हणून विधानसभेत गेले, पण त्यांचा जीव धरणग्रस्तांच्या आणि दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदांत रमला. सत्तेबाहेर राहिलेली ही शाखा मला जास्त प्रतिसरकारी वाटते. वसंतदादांचं उलट. राज्याचं राजकारण त्यांच्याइतकं कुणालाच तळहातावर दिसत नव्हतं, तरी जुलै 1978 मध्ये शरद पवारांनी चाळीसेक आमदार घेऊन त्यांचं आघाडी सरकार पाडलं. त्यावेळी दादांचा जो अनुयायीवर्ग दुखावला तो अजून पुरता विसरलेला नाही. 1983 मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडून दिलं. सातवी शिकलेल्या माणसाने हे केलं, म्हणून कौतुकही झालं आणि शिक्षणाचा बाजार मांडला म्हणून टीकाही. दोन्ही खरं आहे.

कोरेगावकडे परत यायचं तर दादांच्या पत्नी शालिनीताईंच्या वाटेने यावं लागतं. अंतुले मंत्रिमंडळात त्या महसूलमंत्री होत्या, सांगलीच्या खासदार होत्या, आणि दादा गेल्यावर दहा वर्षांनी, 1999 मध्ये, त्या कोरेगावच्या आमदार झाल्या. 2004 मध्ये पुन्हा. बाहेरच्यांना कोरेगाव म्हटलं की भीमेकाठचं आठवतं, वाळवा तालुक्यातही एक कोरेगाव आहे. हे त्या दोन्हींहून वेगळं, वसनाकाठचं. याच तालुक्यात चिमणगावला त्यांनी जरंडेश्वर सहकारी साखर कारखाना उभा केला. हजारो शेतकऱ्यांनी भागभांडवल घातलं. कर्ज थकलं, राज्य सहकारी बँकेने कारखाना ताब्यात घेतला आणि 2010 मध्ये लिलावात विकला, 65 कोटी 75 लाखांना, खाजगी कंपनीला. 2021 मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने त्यावर जप्ती आणली. सभासदांची लढाई कोर्टात गेली आणि वर्षानुवर्षं तिथंच राहिली.

पत्री सरकारच्या वेळी असा तंटा एका रात्रीत मिटला असता, असं म्हणणारी माणसं या भागात भेटतात. मला तसं वाटत नाही. त्या न्यायदान मंडळापुढे उभा केला जायचा तो गावचा सावकार, एकटा, ज्याच्या वाड्याचं दार सगळ्यांना माहीत होतं. इथं बँकही सहकारी, कारखानाही सहकारी, आणि दोन्ही संस्था उभ्या केल्या त्या बेचाळीसच्याच पिढीने आणि तिच्या वारसांनी. स्वतःच्या संस्थांविरुद्ध निवाडा कसा द्यायचा, हे प्रतिसरकारला कधी शिकावं लागलं नाही, आणि त्यातून आलेल्या राज्यकर्त्यांनी ते शिकून घेतलं नाही.